‘ग्रामर सोडा, इंग्रजी बोला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

शाळाप्रवेशाचे दिवस आले की गोव्यातल्या मराठी घरांत एक संदेश फोनवरून फोनवर फिरू लागतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं: ग्रामरच्या नादी लागू नका. लहान मूल ग्रामर न शिकताच बोलतं, तसे तुम्हीही बोलाल. डोक्यातली मराठी काढून टाका आणि इंग्रजीतच विचार करा. फार तर बारा टेन्सचा तक्ता पाठ करा. समोरच्याला कळलं म्हणजे झालं. ३० दिवसांत फाडफाड इंग्रजी येईल. आणि शेवटी पालकांना इशारा, की मूल मराठी शाळेत घातलंत तर त्याला इंग्रजी कधीच यायचं नाही.

मी हायस्कुलात इंग्रजी शिकवते. हा संदेश वाचून धास्तावलेले पालक भेटायला येतात, म्हणून त्यातला एकेक दावा तपासायला घेतला आहे.

३० दिवसांचं आधी निकालात काढू. भाषा किती येते हे मोजायला युरोपीय परिषदेने २००१ साली सहा पायऱ्या प्रसिद्ध केल्या, ए-वनपासून सी-टूपर्यंत. नोकरीत कुणाच्या मदतीशिवाय निभावता येईल एवढं इंग्रजी म्हणजे त्यातली चौथी पायरी, बी-टू. शून्यापासून तिथवर पोचायला शिक्षकाच्या हाताखाली साधारण ५०० ते ६०० तास लागतात, असा केंब्रिजच्या परीक्षा संस्थेचा अंदाज आहे. रोज एक तास, एकही सुट्टी न घेता, म्हणजे सुमारे दीड वर्ष. ३० दिवसांत ओळख करून देता येते, पाच-पन्नास वाक्यं घोटून घेता येतात. त्यापुढचं आश्वासन खोटं आहे.

‘लहान मूल ग्रामर शिकत नाही.’ शिकतं. दोन-अडीच वर्षांचं पोर ‘मी करलं’ म्हणतं ते कुणाचं ऐकून? घरात कुणीच ‘करलं’ म्हणत नाही. ‘बसलं, पडलं, धरलं’ ऐकून त्याने स्वतःच नियम काढलेला असतो आणि तो ‘कर’ला लावलेला असतो. हे काम ते दिवसभर भाषा ऐकत, वर्षानुवर्षं करतं. सत्तरी तालुक्यातल्या गावात वाढणाऱ्या मुलाच्या कानावर इंग्रजी पडतं ते शाळेच्या तासापुरतं आणि थोडंफार मोबाइलवर. एवढ्या तुटपुंज्या ऐकण्यातून नियम आपसूक सापडत नाहीत, ते कुणीतरी दाखवावे लागतात. मोठ्या माणसाच्या बाबतीत तर हे आणखीच खरं, आणि त्याचा दाखला आपल्याच मातीत आहे. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला, इथल्या भाषा शिकला आणि मराठीत दहा हजारांहून अधिक ओव्यांचं क्रिस्तपुराण लिहून गेला. इथली भाषा शिकू पाहणाऱ्यांसाठी त्याने मागे काय ठेवलं? कोकणीचं व्याकरण. त्याच्या मृत्यूनंतर, १६४० साली, ते साष्टीतल्या रायतूरला छापलं गेलं. परकी भाषा इतकी आत्मसात केलेल्या माणसाला व्याकरण वेळेचा अपव्यय वाटलं नव्हतं.

आता मला सगळ्यात जास्त सलणारा दावा: मराठी डोक्यातून काढून टाका.

मराठी शाळेतलं मूल कर्ता, कर्म, क्रियापद ओळखून वर्गात येतं. ‘ही गो’ म्हणणाऱ्या मुलाला मी एवढंच विचारते, ‘तो जाणे’ म्हणशील का रे? मराठीत ‘तो जातो, ती जाते, ते जातात’ असं कर्त्याप्रमाणे क्रियापद बदलणं त्याला जन्मापासून ठाऊक आहे. इंग्रजीत त्यातलं एक ‘एस’ तेवढं उरलं आहे, हे कळलं की ‘ही गोज’ त्याला परकं वाटत नाही. ‘चोर पकडला गेला’ ही कर्मणी रचना ज्याला समजली त्याला पॅसिव्ह व्हॉइस नव्याने समजावून द्यावा लागत नाही.

आणि चुका जिथून येतात ती जागाही मराठीतूनच दिसते. ‘तो काल आला आहे’ हे मराठीत बिनचूक. त्याचंच ‘ही हॅज कम येस्टर्डे’ केलं की चुकलं, कारण इंग्रजीत ‘हॅज कम’बरोबर संपून गेलेला काळ सांगता येत नाही, ‘काल’ म्हटलं की ‘केम’च हवं. ‘मी पाच वर्षांपासून म्हापशात राहते’ यात आपण साधा वर्तमानकाळ वापरतो, म्हणून पोरं ‘आय ॲम स्टेइंग इन म्हापसा सिन्स फाइव्ह इयर्स’ लिहितात. इंग्रजीला तिथे ‘आय हॅव बीन लिव्हिंग’ हवं आणि पाच वर्षांना ‘फॉर’. ‘सिन्स’ लागतं ते सुरुवात केव्हा झाली हे सांगताना, म्हणजे ‘सिन्स २०२०’ असं.

याहून बारीक जागा सांगते. ‘आई म्हणाली की मी उद्या येते.’ यातली ‘मी’ म्हणजे आई, हे आपल्याला सांगावं लागत नाही. मूल ते उचलून ‘माय मदर सेड दॅट आय ॲम कमिंग टुमॉरो’ असं लिहितं आणि शिक्षकाला वाटतं, उद्या मूलच येणार आहे. मराठी आईचे शब्द जसेच्या तसे ‘की’नंतर ठेवू देते. इंग्रजीत ‘दॅट’नंतर ‘आय’ म्हणजे सांगणारा, म्हणून तिथे ‘शी’ येते. दोन्ही भाषा शेजारी ठेवून हे पाच मिनिटांत उलगडतं. मराठी बाजूला सारली तर वर्षभर लाल शाईचे गोल तेवढे पडत राहतात.

आर्टिकल्सना, म्हणजे ‘अ’, ‘ॲन’, ‘द’ यांना, मात्र मराठीचा फारसा आधार नाही, ती वाचून-ऐकूनच अंगवळणी पडतात. मांडवी नदीला ‘द’ लागतो, पणजी शहराला लागत नाही. इथे धीर धरण्यावाचून इलाज नाही.

बारा टेन्सच्या तक्त्याबद्दल. इंग्रजी क्रियापद स्वतः काळासाठी दोनच रूपं घेतं, ‘गो’ आणि ‘वेन्ट’. बाकीचं काम ‘बी’, ‘हॅव’, ‘डू’, ‘विल’ ही सहायक क्रियापदं करतात. ती आधी हातात आली पाहिजेत. भूतकाळ ‘डिड’ने उचलला की मूळ क्रियापद साधं राहतं, हे ज्याला समजलं तो ‘डिड ही वेन्ट’ म्हणणार नाही. तक्ता तोंडपाठ असलेली मुलं मात्र सर्रास म्हणतात. म्हणून सुरुवात प्रश्न आणि नकार यांपासून करावी, मग नामं आणि आर्टिकल्स, मग ‘हॅव’ची रूपं, आणि त्यानंतर वाक्यात वाक्य गुंफणं, ‘इफ’ची वाक्यं, दुसऱ्याचं बोलणं सांगणं. ‘विल हॅव बीन गोइंग’ शेवटी आलं तरी कुणाचं काही अडत नाही.

‘समोरच्याला कळलं म्हणजे झालं.’ बाजारात, बसमध्ये, किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये हे मला मान्य आहे. बोलताना चुकलं म्हणून कुणाला हसू नये, चुकत बोलणाऱ्याला बोलू द्यावं. पण आपल्या मुलांना नोकऱ्या कुठे मिळतात ते पाहा: हॉटेलात, इस्पितळात, बोटीवर, कचेरीत. ‘आज पैसे द्यायला नकोत’ हे सांगायला एखादा मुलगा पाहुण्याला ‘यू मस्ट नॉट पे टुडे’ म्हणतो. त्याचा अर्थ होतो, आज पैसे देण्यास मनाई आहे. त्याला म्हणायचं असतं ‘यू डोन्ट हॅव टू पे टुडे’. ‘शुक्रवारपर्यंत’ला इंग्रजीत दोन वाटा फुटतात: शुक्रवारपर्यंत थांबा, तर ‘टिल’, शुक्रवारपर्यंत कागद द्या, तर ‘बाय’. इस्पितळातल्या नोंदवहीत तर हे आणखी गंभीर होतं. ‘द पेशंट डिड नॉट टेक द टॅबलेट’ आणि ‘द पेशंट वॉज नॉट गिव्हन द टॅबलेट’. पहिल्या वाक्यात रुग्णाने गोळी घेतली नाही, दुसऱ्यात त्याला ती कुणी दिलीच नाही. उद्या चौकशी झाली तर नोंद लिहिणाऱ्या नर्सला तोंडी सारवासारव करता येणार नाही. ॲडव्हान्स्ड ग्रामर म्हणून ज्याला बाजूला सारतात ते हेच आहे, आणि नेमकं तेच पगाराच्या नोकरीत लागतं.

राहिला मराठी शाळेचा मुद्दा. गोवामुक्तीनंतर पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या काळात गावोगावी सरकारी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. त्या शाळांत मुळाक्षरं गिरवलेली मुलं पुढे इंग्रजीतून शिकून डॉक्टर, वकील, इंजिनिअर झाली. पेडण्यापासून काणकोणपर्यंत अशी माणसं आजही भेटतील. प्राथमिक शिक्षणाचं अनुदान १९९०पासून भारतीय भाषांतून शिकवणाऱ्या शाळांपुरतं होतं. २०११ साली ते इंग्रजी माध्यमालाही खुलं झालं आणि ‘मराठी शाळा म्हणजे इंग्रजी बुडालं’ हा समज बळावला. इंग्रजी विषय नीट शिकवणं आणि सगळे विषय इंग्रजीतून शिकवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इंग्रजीतला परिसर अभ्यास न कळता पाठ करणारं मूल इंग्रजी वाक्यं पाठ करतं, त्याला इंग्रजी वाक्य रचता येईलच असं नाही.

खरी अडचण पाचवीत आहे. मराठी प्राथमिक शाळेतून आलेलं मूल एका सुट्टीनंतर इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसतं आणि विज्ञान, गणित, इतिहास एकदम इंग्रजीतून सुरू होतात. हा खड्डा भरायला पाचवीच्या पहिल्या सत्रात रोज एक जादा तास हवा, आणि तो घेणाऱ्याला दोन्ही भाषांचं व्याकरण यायला हवं. पालकांनी शाळेत जाऊन त्या तासाची मागणी करावी. मुलाला मराठी शाळेतून काढण्याआधी ही मागणी एकदा तरी लेखी द्यावी, पालक-शिक्षक संघाच्या पहिल्याच बैठकीत.