झोपलेल्या पोरांचं काय?

आज संध्याकाळी एका एकपात्री स्पर्धेला गेले होते. स्पर्धेचं नाव लिहीत नाही, कारण राग स्पर्धेवर नाही. एका कॉलेजच्या पोरानं अश्वत्थामा केला. अंगावर फाटकी घोंगडी, कपाळावर लाल रंगाची जखम, हातात रिकामी वाटी, आणि "तेल द्या हो कुणी" असा आवाज की शेवटच्या रांगेतल्या बायासुद्धा पदरानं डोळे पुसून राहिल्या होत्या. संपल्यावर अख्खं सभागृह उभं राहिलं. मी बसून राहिले. घरी आल्यावर जेवण गेलं नाही, म्हणून लिहायला बसले आहे. लांब होईल. ज्यांना वाचायचं त्यांनी वाचा.

त्या सादरीकरणात दुधाऐवजी पिठाचं पाणी पिऊन "मी दूध प्यायलो" म्हणत नाचणारा गरीब बामणाचा पोर होता. खोटं बोलून मारलेला बाप होता. डोक्यावरून काढून घेतलेला मणी होता, हजारो वर्षांची भटकंती होती, रक्त आणि पू होता. सगळं खरं, सगळं महाभारतात आहे. आणि युद्धाच्या शेवटी, रात्री शिबिरात शिरून त्यानं झोपेत मारलेली द्रौपदीची पाच पोरं? त्यांना मिळालं अर्धं वाक्य. "सूडाच्या अंधारात माझ्या हातून जे घडलं ते घडलं." घडलं म्हणे! जसा काही अवकाळी पाऊस घडला!

मला सांगा, आपल्याला हे काय होऊन राहिलं आहे? खलनायक दिसला की पहिला प्रश्न, याचं बालपण कसं गेलं. बालपण वाईट निघालं की झालं, तो खलनायक राहातच नाही, तो बिच्चारा होतो. माझा मुलगा थानोसबद्दल हेच सांगतो. अर्धी जीवसृष्टी चुटकीसरशी संपवली, पण "हेतू चांगला होता ना आई". नाहीतर दुसरं टोक, कुणी किती मारले याचा हिशोब. ज्यानं जास्त मारले तो मोठा दुष्ट. आणि शैली असली की तेही माफ. 'शोले' १९७५ चा, आजही लग्नाच्या पंगतीत गब्बरचे संवाद म्हणणारा एक काका असतोच. त्या गब्बरनं ठाकूरच्या एवढ्याशा नातवावर गोळी झाडली होती, हे त्या काकाला आठवतं का?

माझं माप वेगळं आहे. का आहे ते सांगते.

माझा धाकटा भाऊ इंजिनिअरिंगला होता. नव्वदच्या दशकातली गोष्ट. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ साली आला, त्याच्या आधीची. कॉलेज विदर्भातलंच, नाव नको. डिसेंबर होता, आपल्याकडचा डिसेंबर काय असतो ते तुम्हाला माहीत आहे. दुसऱ्या दिवशी त्याचा ड्रॉइंगचा पेपर. रात्री गाढ झोपला असताना सीनियर पोरं खोलीत आली आणि टाकीतल्या पाण्याच्या दोन बादल्या त्याच्या अंगावर ओतल्या. गादी भिजली, रजई भिजली, आणि उशाशी गुंडाळून ठेवलेल्या त्याच्या ड्रॉइंग शीट्स भिजल्या. महिनाभर घासून काढलेल्या. तो रात्रभर व्हरांड्यात बसून एकेक शीट फरशीवर पसरत होता आणि अंगातल्या ओल्या बनियनवर टॉवेल गुंडाळून काकडत होता. पेन्सिलच्या रेषा तशाच राहतात, पण कागद वाळला की लाटेसारखा होतो, त्यावर टी-स्क्वेअर बसत नाही. हे त्यानं मला सांगितलं तेव्हा तो त्या कागदाबद्दलच बोलत होता. स्वतःबद्दल एक शब्द नाही.

त्या वर्षानंतर त्यानं इंजिनिअरिंग सोडलं. आज त्याचं बरं चाललं आहे, बायको-पोरं आहेत, दुकान आहे. पण अजूनही झोपायच्या आधी उठून कडी पुन्हा बघतो. वहिनीला आधी गंमत वाटायची. आता वाटत नाही.

म्हणून मला झोपलेल्यांची गोष्ट सोडवत नाही. सौप्तिक पर्व म्हणजे काय, झोपलेल्यांचं पर्व. व्यासांनी नावच त्यांच्यावरून ठेवलं. मारणाऱ्यावरून ठेवलं नाही.

आता त्या रात्री काय झालं ते नीट बघा, कारण आपण सगळे तिथून घाईघाईनं पुढे जातो. कौरवांकडचे तिघं उरले होते. अश्वत्थामा, त्याचा मामा कृपाचार्य, आणि कृतवर्मा. वडाखाली पडले होते. अश्वत्थाम्यानं रात्री घुबडाला झोपलेले कावळे मारताना पाहिलं आणि त्याच्या डोक्यात ते शिरलं. त्यानं मामाला उठवलं. मामा काय म्हणाला? आज झोप. थकला आहेस. सकाळी आपण तिघं मिळून समोरासमोर लढू. आणि आधी धृतराष्ट्राला, गांधारीला, विदुराला विचारू. झोपलेल्यांना मारणं हा धर्म नाही. हे सगळं त्याला स्पष्ट सांगितलं गेलं होतं, रक्ताच्या माणसानं, प्रेमानं. तो शिबिराच्या दाराशी पोचला तेव्हा दारातच अडला, आणि तिथं त्याला स्वतःलाच वाटून गेलं की मामाचं ऐकायला हवं होतं. वाटलं! आणि तरी आत गेला. द्रोणाला मारणाऱ्या धृष्टद्युम्नानं निदान शस्त्रानं तरी मार म्हणून विनवलं, त्याला लाथांनी मारलं. मग ती पोरं.

हे माझं माप. किती मेले ते नंतर मोजा. कुणी किती वेळा हात धरला, आणि त्यानं तो किती वेळा झटकला, ते आधी मोजा. रावणाला मंदोदरीनं सांगितलं, बिभीषणानं सांगितलं, मारीचानं तर सीतेला उचलायच्या आधीच सांगितलं. दुर्योधनाकडे कृष्ण स्वतः शिष्टाई घेऊन गेला, तर दुर्योधन सुईच्या टोकाएवढी जमीन देणार नाही म्हणाला. यांचं बालपण काढून मला दाखवू नका. ज्याला कुणी थांबवलंच नाही, ज्याला दुसरी वाट कुणी दाखवलीच नाही, त्याच्यासाठी माझं मन थोडं सैल होईल. ज्याला दाखवली आणि जो बघूनही पुढे गेला, त्याच्यासाठी नाही.

हो, पांडवांनीही द्रोणाला कपटानं मारलं, भीमानं मांडीवर गदा मारली. मान्य. पण त्याचा हिशोब झोपलेल्या पोरांकडून?

आता मला कुणी म्हणेल, ताई, नटाचं कामच आहे माणूस समजून घेणं. तेही मान्य. त्या पोराचं मला कौतुकच वाटलं, खरं सांगते. बाहेर चहाच्या ठेल्यावर तो घोंगडी काखेत घेऊन उभा होता, रंग अर्धवट पुसलेला, आईला फोन करून "बरं झालं, लोक उभे राहिले" असं सांगून राहिला होता. आवाज बसला होता पोराचा. त्याच्याकडे बघून माझा अर्धा राग तिथंच गेला. विशीतलं लेकरू आहे, त्याला जसं लिहून मिळालं तसं जीव तोडून केलं. मी काही बोलले नाही त्याला. बोलायला नकोच होतं.

पण समजून घेणं आणि पदर पसरणं यात फरक असतो, आणि तो आपल्याकडे एका माणसाला अचूक कळला होता. निळू फुले. पडद्यावरच्या त्यांच्या पाटलाला बघून गावोगावच्या बाया त्यांना खरोखर घाबरायच्या, आणि माणूस प्रत्यक्षात सेवा दलातला, अंधश्रद्धेविरुद्ध काम करणारा. त्यांचा खलनायक आतून बाहेरून समजलेला असायचा, पण त्या नजरेत 'माझ्यावर दया करा' असं कधी दिसलं नाही. 'सामना'तला हिंदुराव बघा पुन्हा. तो तुमच्याकडे काही मागत नाही, आणि म्हणून तुम्ही त्याच्यापासून सुटत नाही.

आणि दया करायचीच असेल, तर ती कुणाची? भागवतात आहे, अर्जुनानं अश्वत्थाम्याला बांधून आणलं तेव्हा द्रौपदी म्हणाली, सोडा त्याला, मी रडते आहे तशी याची आई रडायला नको. हे वाचलं की आजही माझा गळा दाटतो. कृपीचा विचार केला तिनं, त्या क्षणी, स्वतःची पाच मेलेली असताना. पण ते द्रौपदीनं म्हणायचं होतं आणि तिनंच म्हटलं. सभागृहात एसीमध्ये बसून आपण कोण माफ करणारे? आपली कोण पोरं मेली?

याच गोष्टीवर मी एकदा लग्नातून उठून आले आहे. काही वर्षांपूर्वी इथंच नागपुरात एका मंगल कार्यालयात भावाला तो भेटला, बादलीवाल्यांचा म्होरक्या. टक्कल पडलेलं, सफारी, हातात ताट. सांबारवडीचा तुकडा मोडत मोडत म्हणाला, "अरे, तेव्हा माझ्या घरी फार वाईट चाललं होतं यार. वडील प्यायचे. आणि आमच्यावर पण सीनियरनं तेच केलं होतं ना." मला भावाच्या शेजारी उभं राहून ऐकावं लागलं. पूर्ण कहाणी सांगितली त्यानं, स्वतःचे डोळे ओले केले. भावाला एकदाही विचारलं नाही की तू नंतर काय केलंस, कॉलेज का सोडलंस. आणि माझा भाऊ त्याला म्हणाला, "होतं यार, समजू शकतो." भावाला ते म्हणायचा हक्क होता, त्यानं म्हटलं. पण ताट हातात घेऊन माफी वसूल करायला येणाऱ्याला काय म्हणायचं? त्याच्या वडिलांची दारू मला माहीत नव्हती असं नाही. त्याच वयात आमच्या गल्लीत अशा घरातली कितीतरी पोरं होती. कुणी कुणाच्या झोपेत पाणी ओतायला गेलं नाही.

आपलं नागपूर या बाबतीत मला फार आवडतं. पोळ्याच्या पाडव्याला, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी, काळ्या आणि पिवळ्या मारबतीचे मोठाले पुतळे मिरवत निघतात तेव्हा महाल-इतवारीतल्या त्या गर्दीत कुणी विचारत नाही की पूतनेचं बालपण कसं होतं. काळी मारबत कुणी पूतना म्हणतं, कुणी इंग्रजांशी हातमिळवणी करणाऱ्या भोसल्यांच्या बाकाबाईची म्हणतं. बाकाबाईला तिची बाजू असेलही, इतिहासवाल्यांनी ती जरूर लिहावी. पण रस्त्यावर एकच आरोळी, "घेऊन जा गे मारबत!" रोगराई, भ्रष्टाचार, महागाई, वर्षभरात ज्यानं ज्यानं छळलं त्याचा बडग्या, म्हणजे पुतळा, करून नेतात आणि जाळतात. लहानपणी बाबांच्या खांद्यावरून मी ते पाहिलं आहे. वाईटाला वाईट म्हणायला त्या गर्दीत कुणाची जीभ अडत नाही.

आता सगळ्यात अवघड. अश्वत्थाम्यावरही नाही, म्होरक्यावरही नाही, माझा सगळ्यात जास्त राग तिसऱ्याच माणसावर आहे.

त्या रात्री खोलीत आलेल्यांमध्ये एक सीनियर होता जो भावाशी चांगला वागायचा. मेसमध्ये शेजारी बसायचा, स्वतःच्या नोट्स द्यायचा. भाऊ सांगतो, पाणी पडायच्या आधी अर्धवट झोपेत त्याला त्याचाच आवाज ऐकू आला होता. "जाऊ द्या ना बे, उद्या पेपर आहे त्याचा." म्हणजे त्यानं सांगितलं. आणि मग? मग तो दाराशी जाऊन उभा राहिला, वॉर्डन येतो का बघायला. भाऊ उठून बाहेर पळायला गेला तेव्हा दारात तोच होता. त्यानंच त्याला परत आत ढकललं.

कृपाचार्य आठवा. 'सकाळी लढू' म्हणणारा मामा. भाचा ऐकत नाही म्हटल्यावर तो उठून निघून गेला का? नाही. तो शिबिराच्या दाराशी उभा राहिला, कृतवर्म्यासोबत. आतून जीव वाचवून पळत बाहेर येणाऱ्या माणसांना या दोघांनी दारात कापलं. शिबिराला तीन ठिकाणी आग लावली. अधर्म म्हणजे काय हे ज्याला त्या रात्री सगळ्यांत स्पष्ट कळलं होतं, त्यानं. आणि पुढे? पांडव निघून जाताना परीक्षिताला शिकवायला गुरू म्हणून हाच कृप. ज्या परीक्षिताला त्याच्या भाच्यानं आईच्या पोटात मारायला अस्त्र सोडलं होतं! त्याच्या डोक्यावरून कुणी मणी काढला नाही, त्याला कुणी शाप दिला नाही, तेलाची वाटी घेऊन कुणी त्याचा एकपात्री केला नाही. सप्तचिरंजीवांच्या श्लोकात अश्वत्थाम्यासारखंच त्याचंही नाव आपण सकाळी मान खाली घालून म्हणतो.

खलनायकांच्या याद्या करता ना तुम्ही, सर्वांत नीच कोण म्हणून? तर माझ्या यादीत पहिला हा. अश्वत्थामा बापाच्या मरणानं पेटलेला होता, एवढं मी नाइलाजानं देते त्याला. कृप पेटलेला नव्हता. तो शांत होता, त्याला सगळं दिसत होतं, आणि तो दारात उभा राहिला.

भावाच्या कॉलेजमधला तो दारातला मुलगा आज शिक्षणाच्याच क्षेत्रात आहे. फोटो बघते मी कधी कधी, हारतुरे, सत्कार.

हे लिहायच्या आधी भावाला फोन केला. लिहू का विचारलं. म्हणाला, "लिही ना ताई. फक्त त्याचं नाव नको टाकू." मी विचारलं, म्होरक्याचं? तर म्हणाला, "त्याचं टाकलं तरी चालेल. दाराशी होता त्याचं नको." का म्हणून विचारलं तर म्हणाला, "त्यानं नोट्स दिल्या होत्या मला."

म्हणून नाही टाकलं. माझ्यावर असतं तर टाकलं असतं, हुद्द्यासकट.