सोया मेणबत्तीलाही काजळी धरते

दिवाळी तोंडावर आली की पुण्यातल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप गटांवर एक संदेश फिरू लागतो. साध्या मेणबत्तीच्या धुरात विष आणि वातीत शिसे असते, तर हाताने घडवलेली सोया मेणबत्ती पूर्णपणे नैसर्गिक, काजळीविरहित आणि पर्यावरणपूरक असते, असे त्यात ठामपणे म्हटलेले असते.

यातला सर्वांत कच्चा दावा काजळीचा आहे, आणि तो मराठी घरांत खपावा याचे मला नवल वाटते. समईत तिळाचे तेल घातले तरी वातीला काजळी धरतेच, आणि तेलाच्याच दिव्यावर ताम्हन उपडे धरून आपल्या आज्या काजळ पाडत असत. इंधन झाडाचे की खनिज तेलाचे यापेक्षा, ज्योतीला ओढल्या जाणाऱ्या इंधनाच्या मानाने हवा पुरते की नाही, यावर काजळी अधिक अवलंबून असते. कर्वे रस्त्यावरच्या एका प्रदर्शनातून आणलेल्या माझ्या सोया मेणबत्तीच्या काचेचा काठ तिसऱ्याच संध्याकाळी काळा पडला. नेलकटरने वात पाच मिलिमीटरवर आणली, पंख्याखालून ती हलवली, आणि काच पुन्हा काळी झाली नाही.

विषाच्या दाव्यासाठी बहुधा अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या 2009 मधील संशोधनाचा आधार घेतला जातो. ते एका परिषदेत मांडले गेले होते, आणि अधूनमधून मेणबत्ती लावणाऱ्याला त्रास होईल असे खुद्द संशोधकांचेही म्हणणे नव्हते. त्याआधी 2007 मध्ये जर्मनीत पॅराफिन (साध्या मेणबत्तीतले खनिज तेलाचे मेण), सोया, पाम, स्टिअरिन (चरबी किंवा वनस्पती तेलापासूनचा घट्ट पदार्थ) आणि मधमाश्यांचे मेण जाळून केलेल्या तुलनेत धुरात फारसा फरक आढळला नाही; अर्थात त्यामागे मेणबत्ती उद्योगाचा पैसा होता, त्यामुळे तो निष्कर्षही मी अखेरचा मानत नाही. शिशाच्या तारेच्या वातीवर अमेरिकेने 2003 मध्येच बंदी घातली, आणि आपल्याकडच्या साध्या मेणबत्तीत सुताची वात असते. वातीत तार दिसलीच, तर ती पांढऱ्या कागदावर घासावी. शिसे असल्यास करडी रेघ उमटते.

‘नैसर्गिक’ या शब्दाचेही तसेच आहे. सोयाबीनचे तेल पातळ असते; निकेलच्या साहाय्याने त्यात हायड्रोजन मिसळला की ते घट्ट होते. डालडाही याच प्रक्रियेने तयार होतो, आणि त्याला कोणी नैसर्गिक म्हणत नाही. शिवाय मेणात साधारण सहा ते दहा टक्के सुगंधी द्रव्य घालतात, आणि ते बहुतेक वेळा प्रयोगशाळेतले असते. खरा मोगऱ्याचा अर्क त्या किमतीत परवडणारच नाही.

सोयाबीन दरवर्षी पिकते आणि खनिज तेल संपणारे आहे, हे मान्य. परंतु पॅराफिन हे तेलशुद्धीकरणातले उपउत्पादन आहे, त्याच्यासाठी कोणी विहीर खणत नाही. सोयाबीनला मात्र जमीन, पाणी आणि खत लागते. लातूरच्या शेतकऱ्याचे भले होईल म्हणून सोया मेणबत्ती घेणाऱ्यांनी मेणाच्या पोत्यावर कोणत्या देशाचे नाव आहे तेही विचारावे.

राहिला प्रश्न लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेल्या ‘सोया ब्लेंड’चा, म्हणजे मिश्र मेणाचा. त्यात पॅराफिनही असू शकते, आणि त्यासाठी छोट्या कारागिरांना लबाड ठरवणे मला पटत नाही. बरणीत ओतायचे सोया मेण पन्नास अंशांच्या आसपासच वितळते, म्हणून उन्हात टिकावे यासाठी त्यात पॅराफिन मिसळतात. ज्याला शुद्धतेचा आग्रह असेल, त्याने एप्रिलच्या दुपारी ती मेणबत्ती स्कूटरच्या डिकीत ठेवून कोथरूडहून हडपसरला नेऊन पाहावी.