चेलेशनच्या ड्रिपने एएलएस बरा होतो? नाही!

एक मेसेज फिरतोय की एएलएस (स्नायू हलवणाऱ्या नसपेशी हळूहळू निकामी होणारा आजार, यालाच मोटर न्यूरॉन डिसीजही म्हणतात) म्हणजे अंगात साचलेलं शिसं-पारा, चेलेशनची (अंगातले धातू बांधून लघवीवाटे बाहेर काढणाऱ्या औषधाची) ड्रिप घेतली की पेशंट उठून चालतो. असं नाहीये हो. बरीच वर्षं शिशात काम केलेल्यांमध्ये एएलएसचा धोका जास्त दिसलाय, हे काही अभ्यासांत आलंय, पण धोका वाढणं वेगळं आणि तेच एकमेव कारण असणं वेगळं, बहुतेक पेशंटमध्ये नेमकं कारण सापडतच नाही. पाऱ्याचा पुरावा तर अजून कच्चा.

गोंधळ कुठे होतो, तर शिशाच्या विषबाधेतही हात मनगटातून लुळा पडतो, पंजा वर उचलता येत नाही, बॅटरी आणि रंगाच्या कामातल्या लोकांत हे खूप आधीपासून माहितीय. ते एएलएस नव्हे, रक्तातलं शिसं तपासलं की कळतं आणि उपचाराने सुधारू शकतं, त्यामुळे न्यूरॉलॉजिस्टला आपलं काम काय ते नक्की सांगा. पण एएलएसचं निदान पक्कं असेल तर चेलेशनने तो थांबतो याला पुरावा नाही. उलट अमेरिकेत 2003 ते 2005 मध्ये चेलेशननंतर रक्तातलं कॅल्शियम घसरून 3 जण गेले, त्यात 2 लहान मुलं! रिलुझोल (एएलएसचा वेग थोडा कमी करणारं औषध) चालू असेल तर ते बंद करून या ड्रिपमागे लागू नका, प्लीज.