रेतमात्रा गोठवल्या म्हणजे डांगी वाचली?

महाराष्ट्रातल्या देशी गाईबैलांच्या जातींबद्दल जनावरांच्या ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतो: “डांगी, देवणी, गवळाऊ संपतायत म्हणून गळे काढू नका. रेतमात्रा नायट्रोजनात गोठवल्यात. हवी तेव्हा जात पुन्हा उभी करू. एक वळू हजारो वासरांना पुरतो, आणि अगदीच संपली तर क्लोन आहेच.”

उणे १९६ अंशांतल्या त्या रेताच्या कांड्या हव्यातच. लम्पीसारखी साथ आली की त्यांची किंमत कळते. पण मेसेजमधलं बाकी गणित चुकलंय.

“हवी तेव्हा उभी करू.” कोणाच्या पोटी? कांडीत फक्त बापाचा वाटा असतो. डांगी गाय उरलीच नसेल तर ती कांडी दुसऱ्या गाईला भरायची. होणारी कालवड निम्मी डांगी, तिची लेक पाऊण. पाचव्या पिढीला कुठे ९७ टक्क्यांच्या आसपास पोचाल. डांगी कालवड पहिल्यांदा विते साधारण चार वर्षांची होऊन. म्हणजे पंधरा-वीस वर्षं गेली, तीही दर पिढीला कालवड झाली तर. शिवाय पेशीला ऊर्जा पुरवणारं मायटोकाँड्रिया आईकडूनच येतं. ते शेवटपर्यंत त्या पहिल्या परक्या गाईचंच.

“एक वळू हजारोंना पुरतो.” पुरतो, तेच तर दुखणं. विविधतेच्या दृष्टीनं कळप खरा केवढा, हे सांगणारं एक सोपं सूत्र आहे: वळू गुणिले गाई गुणिले चार, भागिले दोघांची बेरीज. हजार गाई आणि एक वळू घालून बघा. उत्तर येतं चार! रानात हजार शेपट्या दिसतात, पण आनुवंशिक विविधतेच्या हिशेबात तो चार जनावरांचा कळप. दहा वळू धरले तर उत्तर चाळिसाच्या जवळ जातं. म्हणून कांड्या किती हे विचारू नका. वळू किती आणि कुठल्या कुठल्या गावचे, ते विचारा. अमेरिकेत १९६२ साली जन्मलेला चीफ नावाचा होल्स्टीन (एचएफ) वळू दुधाला नामी, म्हणून त्याचं रेत जगभर गेलं. त्याच्यातल्या एका लपलेल्या जनुकदोषापायी पाच लाखांवर गर्भपात झाले असावेत, असा अंदाज पुढे निघाला.

क्लोनचं थोडक्यात. त्याला रेत चालत नाही. त्या जनावराची पेशी लागते, कुणाचं तरी बीजांड लागतं, वाढवायला गाय लागते. हरियाणात कर्नालला २०२३ मध्ये ‘गंगा’ ही गीर कालवड झाली ती अशीच. न्यूझीलंडच्या एंडरबी बेटावरची ‘लेडी’ ही शेवटची गाय जिवंत सापडली, म्हणून १९९८ मध्ये तिचा क्लोन करता आला. आणि क्लोन म्हणजे त्याच एका गाईची नक्कल. कळप नव्हे.

आता कांडीत न मावणारी गोष्ट. नगरकडच्या अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, भर पावसात, भातखाचरात डांगी बैल बघा. कातडीवरच्या तेलकटपणानं पाणी ओघळून जातं, काळे टणक खूर चिखलात टिकतात. हे गुण पावसानं आणि कामानं निवडलेत. दूध वेताला चारशे-साडेचारशे लिटर, म्हणजे डेअरीच्या हिशेबात नापास. नांगराला पॉवर टिलर आला की कुठलं खोंड वळू म्हणून राखायचं, हे ठरवणारी नजरच जाते.

मागच्या वर्षी शेजारच्या काकांची गाय माजावर आली. रेतन करणाऱ्यानं कंटेनर उघडला, पांढरी वाफ निघाली, चिमट्यानं कांडी उचलत त्यानं विचारलं, “जर्सी की एचएफ?” काका म्हणाले, “डांगी.” त्यानं कांडी परत आत सोडली. ती मिळायला फोन झाले, दिवस गेले, तोवर माज उतरला.