निकाल पहिल्याच सामन्यात लावावा

फुटबॉलचा विश्वचषक सुरू होऊन दोन दिवस झाले आणि तुम्ही अजून एकाही संघाला स्पर्धेतून बाद केलेलं नाही? मग तुम्ही बघताय तरी काय? स्पर्धा महिनाभर चालते हे खरं, पण ती खेळाडूंसाठी. चाहत्याचं काम पहिल्या आठवड्यातच उरकतं. प्रत्येक संघ एकदा मैदानात उतरला, की कप कोण नेणार, कोणाचं वय झालं आणि कुठल्या प्रशिक्षकाला नारळ द्यायचा, हे सगळं ठरवून मोकळं व्हायचं. उरलेले दिवस आपण म्हटल्याप्रमाणे घडतंय की नाही, यावर लक्ष ठेवायचं. घडत नसेल तर पंच आहेतच.

पहिल्या सामन्यावरून काही कळत नाही, असं म्हणणारे काही शंकेखोर तुम्हाला भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. इतिहास त्यांच्या बाजूने आहे, एवढंच त्यांचं भांडवल. २०१० मध्ये डर्बनला स्पेन स्वित्झर्लंडकडून ०-१ असा हरला. स्पेन म्हणजे युरोपचा विजेता, चेंडू बहुतेक वेळ त्यांच्याच पायात. गोल मात्र स्वित्झर्लंडच्या जेल्सन फर्नांडिसचा, तोही गोलपुढच्या पडापडीत कसाबसा आत ढकललेला. त्या रात्री समस्त जाणकारांनी जाहीर केलं, की नुसते पास देऊन सामने जिंकता येत नाहीत. त्यानंतर स्पेनने नुसते पास देत कप जिंकला. बाद फेरीतले चारही सामने १-० ने. पहिला सामना हरून विश्वविजेता झालेला तो पहिलाच संघ. आणि स्वित्झर्लंड? चिलीकडून हरले, होंडुरासशी गोलशून्य बरोबरी केली आणि गटातूनच घरी गेले. आता यात जाणकारांचं काय चुकलं? त्यांनी आपलं मत वेळेवर दिलं होतं. स्पेनने ते वाचलं नाही, त्याला ते काय करणार?

बारा वर्षांनी हेच पुन्हा घडलं, तेव्हा तरी लोक सावध झाले असतील असं वाटेल. छे! कतारमधल्या लुसैलच्या मैदानावर सौदी अरेबियाने अर्जेंटिनाला २-१ ने हरवलं. मेस्सीने दहाव्याच मिनिटाला पेनल्टीवर गोल केला होता, पूर्वार्धात आणखी तीन वेळा चेंडू जाळ्यात गेला आणि तिन्ही वेळा ऑफसाइड. मध्यंतरानंतर पाच मिनिटांच्या अंतरात दोन गोल बसले आणि ३६ सामने न हरलेला संघ ३७व्यात गारद. सौदी अरेबियात दुसऱ्या दिवशी सार्वजनिक सुट्टी जाहीर झाली. इथे त्या राजवटीची दूरदृष्टी लक्षात घ्या. पुढचे दोन्ही सामने हरून त्यांचा संघ गटात शेवटचा आला. म्हणजे सुट्टी घेण्यासारखा दिवस तो एकच होता आणि तो त्यांनी अचूक ओळखला. चाहत्याने नेमकं हेच शिकायचं आहे. आनंद उधारीवर ठेवू नये. दु:खही ठेवू नये. ‘मेस्सीची शेवटची संधी हुकली’ असं त्या संध्याकाळी जे कोणी लिहून बसले, त्यांचं लिखाण पुढे चार आठवडेही टिकलं नाही. पण लिहिताना जो गळा दाटून आला होता, तो अस्सल होता.

समोरचा माणूस वयाने मोठा असेल, तर त्याच्यावर १९८२ फेकावं. इटलीचे पहिले तिन्ही सामने बरोबरीत सुटले. कॅमेरूनचेही तिन्ही बरोबरीत. इटली पुढे गेली ती केवळ एक गोल जास्त केला होता म्हणून. दोन वर्षांच्या बंदीनंतर परतलेल्या पाओलो रॉस्सीने पहिल्या चार सामन्यांत एकही गोल केला नाही. मायदेशी वर्तमानपत्रांनी असं काही झोडपलं, की संघाने पत्रकारांशी बोलणंच बंद केलं. कर्णधार डिनो झॉफ तेवढा बोलायचा, आणि तो मुळातच मितभाषी. मग रॉस्सीने ब्राझीलविरुद्ध तीन, पोलंडविरुद्ध दोन आणि अंतिम सामन्यात एक गोल केला. कप इटलीला, सर्वाधिक गोलांचा मानही रॉस्सीला. हे उदाहरण देऊन झालं, की लगेच आपला मूळ मुद्दा पुढे रेटायचा: ‘पण यंदाच्या इटलीत तो दम नाही.’ इटली यंदा स्पर्धेत आहे की नाही, हे आधी पाहून घ्या. २०१८ आणि २०२२ मध्ये ती नव्हती आणि अनेकांची पंचाईत झाली.

शंकेखोरांना गप्प करायला एक हुकमी पान मात्र हाताशी असू द्यावं. अधूनमधून पहिलाच सामना खरा निघतो. २००२ मध्ये गतविजेता फ्रान्स पहिल्याच सामन्यात सेनेगलकडून हरला आणि तीन सामन्यांत एकही गोल न करता परतला. २०१८ मध्ये गतविजेता जर्मनी मेक्सिकोकडून हरला आणि गटात तळाला गेला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, तर ती फांदी आपल्याच अभ्यासामुळे मोडली, असं म्हणायला कोणाची हरकत असते? ‘मी पहिल्याच दिवशी म्हटलं होतं’ हे वाक्य आयुष्यात एकदा जरी खरं ठरलं, तरी पुढच्या चार-पाच स्पर्धा त्यावर निघतात.

खुद्द उद्घाटनाच्या सामन्याबद्दल फार अपेक्षा ठेवू नका, पण ठेवत नाही असंही दाखवू नका. १९६६, १९७०, १९७४ आणि १९७८, ओळीने चार स्पर्धांचे पहिले सामने ०-० सुटले. गोल बघायला १९८२ उजाडावं लागलं, बेल्जियमने अर्जेंटिनाला १-० हरवलं तेव्हा. सोळा वर्षं लोक कौतुकाने हेच बघायला बसत होते, यावरून चाहत्याची जात किती चिवट असते हे कळावं. या काळजीपोटीच बहुधा आता सामन्याआधी नाचगाणी असतात. १९९४ मध्ये शिकागोला गायिका डायना रॉस यांना पेनल्टी मारायला लावली होती. त्यांनी चेंडू अगदी जवळून बाहेर घालवला, पण गोलपोस्ट ठरल्याप्रमाणे मधोमध दुभंगून पडला. हे मी नेहमी लोकांना सांगतो. निकाल आधी ठरवून ठेवला, की चेंडू कुठे जातो याने काही बिघडत नाही.

गोल झाल्यावर उडी मारण्याचं एक शास्त्र आहे, आणि २०१८ मध्ये व्हिडिओ पंच आल्यापासून ते पार बदललं आहे. पूर्वी चेंडू जाळीला लागला की माणूस खुर्चीवरून सुटायचा, बस्स. आता २०२२ चा पहिला सामना आठवा. तिसरं मिनिट, इक्वेडोरच्या एनर वॅलेन्सियाने हेडर मारला, चेंडू आत, खेळाडू कोपऱ्यात एकमेकांवर पडलेले. तुम्ही दोन्ही हात वर करून उभे. आणि पंच कानाला बोट लावून दुसऱ्याच कोणाचं तरी ऐकतोय. एक मिनिट जातं. हात खाली घ्यावेत तर पंच नेमका गोल द्यायचा, वर ठेवावेत तर खांदे भरून येतात. मग पडद्यावर राखाडी पुतळ्यांचं चित्र येतं, त्यातल्या एका पुतळ्याचं पाऊल रेघेपलीकडे रंगवलेलं असतं, आणि गोल रद्द. कोणाचं पाऊल? हेडर मारणाऱ्याचं नाही, त्याच्या जोडीदाराचं. यावर माझा सल्ला असा, की पहिल्या जल्लोषात हात खांद्यापर्यंतच न्यावेत. तिथून टाळीही वाजवता येते आणि डोकंही धरता येतं. वॅलेन्सियाने पुढे पूर्वार्धातच दोन गोल केले, कतार ०-२ हरलं, आणि स्पर्धेचा पहिला सामना हरणारा तो पहिला यजमान ठरला. उत्तरार्धात यजमानांच्या खुर्च्या ओस पडू लागल्या होत्या. लोक त्यांना हसले. मला तर ते आपल्यातलेच वाटले; त्यांनी निकाल मध्यंतरालाच लावला होता.

बोलायचं कसं, हा प्रश्न उरतो. थोडक्यात सांगतो. ‘लो ब्लॉक’, ‘हाय प्रेस’ आणि ‘ट्रान्झिशन’ हे तीन शब्द दर दहा मिनिटांनी फिरवून वापरले, की कुठल्याही दोन संघांचा सामना निभावतो. ‘एक्सजी’, म्हणजे संधी पाहता किती गोल व्हायला हवे होते त्याचा आकडा, जपून वापरा. समोरच्याने तो कसा काढतात असं विचारलं, तर लगेच बदली खेळाडूंकडे वळा. प्रशिक्षकाने खेळाडू बदलला तर उशीर झाला म्हणायचं, बदलला नाही तर त्याला खेळ वाचता येत नाही म्हणायचं.

छोट्या संघावर प्रेम करण्याचं मात्र मनापासून शिकायला हवं. ते चाहत्याचं सगळ्यात सुंदर रूप आहे आणि सगळ्यात स्वस्तही. १९९० मध्ये मिलानला कॅमेरूनने गतविजेत्या अर्जेंटिनाला १-० हरवलं, तेही शेवटी नऊ खेळाडूंनिशी. अर्जेंटिनाचा कॅनिजिया चेंडू घेऊन सुसाट निघाला होता. पहिल्याने पाडायचा प्रयत्न केला, तो सुटला. दुसऱ्याने केला, अडखळत का होईना, त्यातूनही सुटला. तिसरा बेंजामिन मासिंग असा काही येऊन आदळला, की कॅनिजिया उडालाच, पण मासिंगच्या स्वतःच्या पायातला बूटही निघाला. लाल कार्ड घेऊन तो बाहेर गेला. अशी धडक मोठ्या संघाने मारली असती, तर तुम्ही गुंडगिरी म्हणाला असतात. छोट्या संघाने मारली, की त्याला निष्पाप उत्साह म्हणायचं असतं. कॅमेरून उपांत्यपूर्व फेरीपर्यंत गेलं. जगाने त्यांच्यावर जीव टाकला. दर विश्वचषकात असा एक संघ लागतो. पहिल्या सामन्यात त्याने एखाद्या बड्याला धक्का दिला, की तो आपला. गोलरक्षकाचं नाव पाठ करा, देश नकाशावर शोधून ठेवा. दुसऱ्या सामन्यात त्यांनी चार गोल खाल्ले तर नाव विसरायला मोकळे.

आणि ज्या अर्जेंटिनाला त्या दिवशी सगळ्यांनी तिलांजली दिली, तो गटात तिसरा आला, तिसऱ्यांमधल्या बऱ्यांपैकी एक म्हणून पुढे सरकला आणि थेट अंतिम सामन्यात जाऊन उभा राहिला. तिसरा क्रमांक ही चीज कधीही हसण्यावारी नेऊ नका. २०१६ च्या युरो स्पर्धेत पोर्तुगालने पहिल्याच सामन्यात आइसलँडशी १-१ बरोबरी केली. आइसलँडवाले नाचले, रोनाल्डो त्यांच्यावर चिडला आणि चाहत्यांनी दोघांनाही हसून घेतलं. पोर्तुगालचे पुढचे दोन्ही सामनेही बरोबरीत सुटले, संघ गटात तिसरा आला, आणि शेवटी चषक त्यांनीच उचलला. अख्ख्या स्पर्धेत नव्वद मिनिटांत त्यांनी एकच सामना जिंकला होता, उपांत्य फेरीत वेल्सविरुद्धचा. २०२६ पासून विश्वचषकात ४८ संघ आणि १२ गट झाले. प्रत्येक गटातले दोन आणि तिसऱ्या क्रमांकाचे आठ असे ३२ संघ पुढे जातात. म्हणजे गटांचे ७२ सामने खेळून जेमतेम १६ संघ घरी पाठवायचे. अशा ढिसाळ कारभारात चाहत्याची जबाबदारी वाढते. आयोजक कोणालाच बाद करत नसतील, तर ते आपणच करायला हवं, आणि लवकर करायला हवं.

दुसरा सामना आला की गडबड सुरू होते, त्याची तयारी ठेवा. २०२२ चा ‘ई’ गट यासाठी मुखोद्गत करावा. एकाच दिवशी जपानने जर्मनीला २-१ हरवलं आणि स्पेनने कोस्टारिकाचा ७-० असा फडशा पाडला. निकाल स्वच्छ होता: स्पेन विजेता, जपान काळा घोडा, कोस्टारिकाने इतका लांबचा प्रवास उगाच केला. चारच दिवसांनी त्याच कोस्टारिकाने त्याच जपानला १-० हरवलं. अशा वेळी चाहत्याने ‘मला जपानचा बचाव तेव्हाच कच्चा वाटला होता’ असं म्हणायचं असतं आणि म्हणताना पापणी लवू द्यायची नसते.

शेवटचे दोन सामने एकाच वेळी सुरू झाले. जपानने स्पेनला दोन गोल मारले. दुसऱ्या गोलआधी चेंडू रेषेबाहेर गेलेला सगळ्या जगाने पाहिला, फक्त वरून घेतलेल्या छायाचित्रात त्याचा फुगवटा रेषेवर केसभर टेकलेला निघाला आणि गोल टिकला. तिकडे ७०व्या मिनिटाला कोस्टारिका जर्मनीविरुद्ध २-१ ने पुढे गेली. आता हिशेब असा झाला, की जर्मनीही बाहेर आणि सात गोल मारणारा स्पेनही बाहेर. तुमच्या ओळखीत पहिल्या दिवशी स्पेनच्या नावाने कप लिहून बसलेला कोणी असेल, तर त्याला फोन करायची वेळ हीच. नंबर आधीच काढून ठेवलेला बरा, कारण ७३व्या मिनिटाला जर्मनीने बरोबरी केली, स्पेन पुन्हा पुढच्या फेरीत गेला, आणि ज्यांचा फोन तोवर लागला नव्हता त्यांना स्पेन मोरोक्कोकडून पेनल्टी शूटआउटमध्ये हरेपर्यंत आणखी पाच दिवस थांबावं लागलं.