साइट जरा फ्रेश करू या

‘आपली साइट जरा जुनाट वाटते नाही?’ असं बैठकीत कोणी म्हणालं की माझ्या पोटात गोळा येतो. साइट गूगलवर वरच्या बाजूला दिसत राहावी हे माझं काम. ती देखणी असावी हे बाकी सगळ्यांचं, आणि सगळ्यांचं म्हणजे अगदी अकाउंट्सवाल्यांचंसुद्धा. निळा कोणता घ्यायचा यावर तासभर खल चालतो. शेवटी मी हळूच विचारतो, ‘‘जुन्या पानांच्या यूआरएलचं, म्हणजे पत्त्यांचं, काय करायचं?’’ त्यावर सगळे माझ्याकडे असे बघतात, की लग्नाच्या बोलणीत मी पोटगीचा विषय काढलाय.

वास्तविक गूगलला तुमच्या निळ्याशी काही देणंघेणं नाही. त्याला पानाचा पत्ता, शीर्षक, मजकूर आणि बाहेरून आलेल्या लिंका कळतात. वर्षानुवर्षं लोकांनी ज्या पत्त्याला लिंक दिली, तो पत्ता एका रात्रीत नाहीसा केला तर तिथे ४०४, म्हणजे ‘पान सापडत नाही’ हा संदेश, उरतो आणि मिळवलेली पत हळूहळू विरते. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच बजावलं होतं, की पत्ते बदलत बसू नका. पण ते आमच्या बैठकीला नव्हते.

डिझायनरचा मुख्य आक्षेप मजकुरावर होता. ‘‘फार शब्द आहेत सर. पानाला श्वास घेता येत नाही.’’ ज्या लांबलचक पानावर गूगलवरून सगळ्यात जास्त माणसं यायची, यंत्र बंद पडलं तर काय तपासावं हे सांगणाऱ्या त्या पानाला त्याने श्वास घेऊ दिला. आता तिथे एक प्रचंड फोटो होता आणि खाली तीन शब्द: ‘घडवतो आम्ही उद्या.’ यंत्र बंद पडलेला माणूस गूगलवर हे का टाइप करेल, असं मी विचारलं. ‘‘ब्रँड फील आहे सर,’’ असं उत्तर आलं. शेवटी मजकूर राहिला, पण ‘अधिक वाचा’च्या बटणामागे. मी तेवढ्यावर समाधान मानलं.

मग माझी रीडायरेक्टची, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर पाठवायची, एक्सेल शीट. डावीकडे जुना पत्ता, उजवीकडे नवा. प्रत्येक पानाला त्याचं नेमकं बदली पान. जगात याहून रटाळ काम असेल, पण मला ते अजून भेटलेलं नाही. डेव्हलपरने ती शीट वरून खालपर्यंत स्क्रोल केली, बराच वेळ केली आणि म्हणाला, ‘‘एवढं कशाला? सगळं होमपेजवर रीडायरेक्ट करतो. एका ओळीत होतं.’’ सरसकट होमपेजवर पाठवलेली पानं गूगल बहुधा ४०४ सारखीच धरतो, हे मी त्याला सांगितलं. त्याने मान डोलावली आणि रीडायरेक्टचा कोड ३०१ च्या जागी ३०२ टाकला. ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर, ३०२ म्हणजे तात्पुरतं. ‘‘ब्राउझरमध्ये दोन्ही सारखेच दिसतात,’’ तो म्हणाला. खरं आहे, दिसतात. शिवाय मागच्याच्याही मागच्या रीडिझाइनचे रीडायरेक्ट मागच्या रीडिझाइनकडे आणि तिथले आता नव्याकडे बोट दाखवत होते ते वेगळंच. गूगलचा बॉट, म्हणजे पानं वाचत फिरणारा त्याचा प्रोग्राम, अशा दहा उड्यांपर्यंत पाठलाग करतो. माझा दम त्याआधीच संपतो.

साइट लाइव्ह झाली ती शुक्रवारी संध्याकाळी. अशा गोष्टी शुक्रवारी संध्याकाळीच होतात. तयार होत असलेली साइट गूगलला दिसू नये म्हणून ती बनवणाऱ्या एजन्सीने तिच्या प्रत्येक पानावर ‘नोइंडेक्स’ ही खूण लावली होती. लावायलाच हवी होती, फक्त लाइव्ह करताना काढायलाही हवी होती. त्या दिवशी आमच्या झगमगत्या साइटने गूगलला अदबीने कळवलं, की मला यादीतून वगळा. गूगलनेही आज्ञा पाळली. इतक्या तत्परतेने त्याने माझं दुसरं काहीच कधी ऐकलेलं नाही.

गूगलवरून किती माणसं येतात हे दाखवणाऱ्या सर्च कन्सोलमधला आलेख कड्यावरून कोसळल्यावर मी साहेबांकडे धावलो. त्यांनी शांतपणे फोन काढला आणि गूगलवर कंपनीचं नाव टाकलं. ‘‘ही काय, पहिलीच आहे की!’’ नोइंडेक्स काढल्यावर होमपेज तेवढं लगेच परतलं होतं. पण ज्याला आपलं नाव ठाऊक आहे तो येणारच होता. ज्याला नाव माहीत नाही, फक्त अडचण माहीत आहे, तो आता दुसऱ्यांकडे जातोय, हे मी परोपरीने सांगितलं. साहेबांनी पुन्हा एकदा कंपनीचं नाव टाकलं. पुन्हा पहिली.

मग मी ३०२ चे ३०१ करून घेतले, लांबलेल्या साखळ्या तोडल्या, गूगलला नवा साइटमॅप, म्हणजे पानांची यादी, दिला आणि वाट बघत बसलो. वाट बघणं हा या कामाचा निम्मा भाग आहे; पगारपत्रकात त्याला रकाना नाही. काही आठवड्यांनी पानं एकेक करून परतू लागली.

तिमाही बैठकीत डिझायनरने एक स्लाइड दाखवली: ‘नव्या डिझाइनमुळे ट्रॅफिकमध्ये घसघशीत वाढ.’ आलेख त्याने नेमका खड्ड्याच्या तळापासून सुरू केला होता. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. रीडायरेक्ट निदान वर्षभर तरी काढायचे नाहीत असं गूगलच सांगतो, आणि ‘जुनी अडगळ’ साफ करायचा विषय त्याच बैठकीत पुढचा होता.