बीपी आहे म्हणून दूध, नाचणी बंद? त्या फॉरवर्डबद्दल थोडं

सध्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, की बीपीवाल्यांनी दूध, दही, नाचणी बंद करा, कॅल्शियम नसांमध्ये साचतं आणि बीपी वाढतं, म्हणून तर डॉक्टर कॅल्शियम रोखणारी गोळी देतात. आमच्या शेजारच्या काकांनी हे वाचून जेवणानंतरचं ताक सोडलं, पापड-लोणचं मात्र तस्संच चालू!

गोळीचा मुद्दा आधी घेऊ, कारण सगळा घोळ तिथेच आहे. अ‍ॅम्लोडिपिन हे कॅल्शियम चॅनल ब्लॉकर आहे, मान्य. पण ते अडवतं काय? रक्तवाहिनीच्या भिंतीत बारीक स्नायू असतात, त्यांच्या पेशीत कॅल्शियम शिरलं की ते आवळतात, नळी अरुंद होते आणि बीपी चढतं, गोळी फक्त ते शिरणं कमी करते. ताटातल्या नाचणीशी तिचं काही भांडण नाही.

आणि दूध प्यायलं की रक्तातलं कॅल्शियम वाढत जातं असंही नाही हो, ते शरीर साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम (दर १०० मिलीला) च्या आतच ठेवतं. उलट खाण्यात कमी पडलं की पॅराथायरॉइड हार्मोन (रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं) वाढतं, हाडांतून कॅल्शियम काढलं जातं, आणि याच गडबडीत नसा जास्त आवळतात असं संशोधकांना वाटतं.

अमेरिकेतली १९९७ ची डॅश ट्रायल बघा, आहाराने बीपीवर काय फरक पडतो ते तपासणारी. मीठ सगळ्यांना सारखंच. हाय बीपीवाल्यांमध्ये नुसती फळं-भाज्या वाढवल्यावर वरचा आकडा साधारण ७ ने उतरला, सोबत कमी फॅटचं दूध-दही दिल्यावर ११ ने. श्रेय एकट्या कॅल्शियमचं नाही, त्या जेवणात फॅटही कमी होतं, पण दुधाने बीपी चढलं नाही एवढं तर दिसतंच ना.

मेसेजखाली कुणीतरी दुसरं टोक गाठलंय, "मग कॅल्शियमच्याच गोळ्या घ्या, बीपीची बंद". अरे बाबा, बीपी नॉर्मल असलेल्यांवरच्या कॅल्शियमच्या ट्रायल्स एकत्र केल्या तर फरक जेमतेम एक-दीड पॉइंटचा निघतो! गरोदरपणाची गोष्ट वेगळी, जिथे आहारात कॅल्शियम कमी असतं तिथल्या गरोदर बायकांना डब्ल्यूएचओ रोज दीड ते दोन ग्रॅम सुचवते, प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी धोकादायक वाढण्याचा आजार) टाळायला. बाकी क्लोरथॅलिडोनसारखी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर ती लघवीतून जाणारं कॅल्शियम कमी करते, त्यात वरून कॅल्शियमचा डोस मनानेच सुरू केला तर रक्तातलं कॅल्शियम खरंच जास्त होऊ शकतं, तेव्हा तो डॉक्टरांना विचारूनच.